पर्वतीच्या पायऱ्या आणि पाळीचे दिवस

पुण्याच्या पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. दगडी, रुंद, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या. घरातल्या जिन्यासारख्या त्या एकसारख्या पावलाच्या मापाच्या नाहीत. त्यामुळे पहिल्या काही पायऱ्यांवर प्रत्येकाला आपापली लय शोधावी लागते. वरचे देवदेवेश्वराचे मंदिर नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९ मध्ये उभे राहिले. पानिपतानंतर खचलेल्या नानासाहेबांनी १७६१ साली याच टेकडीवर देह ठेवला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी खडकीची लढाई पाहिली, तीही इथूनच. इतका इतिहास अंगावर वागवणारी ही टेकडी आज मात्र पुणेकरांची रोजची व्यायामशाळा आहे.

सकाळी सहाच्या सुमारास येथे सगळ्या वयाची माणसे भेटतात. कानटोपी घातलेले आजोबा कठड्याच्या कडेने चढतात. भरतीची तयारी करणारी मुले धावत वर जातात आणि धावतच खाली येतात. दर्शनाला निघालेल्या गृहिणी, पाठीवर सॅक लावलेल्या महाविद्यालयीन मुली, कुणाचा तरी हात धरून चढणाऱ्या आजी. डॉक्टर म्हणून माझे लक्ष चढणाऱ्यांपेक्षा उतरणाऱ्यांकडे अधिक जाते. चढताना छातीचा भाता किती चालतो ते कळते; उतरताना तोल किती शाबूत आहे ते कळते. जिन्यावरचे बहुतेक अपघात उतरतानाच होतात, हे आपणांपैकी ज्यांनी गुडघेदुखी सोसली आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

उतरताना शरीर नेमके काय करते, ते पाहू. एक पाय खालच्या पायरीकडे झुकतो, तेव्हा साऱ्या देहाचा भार मागच्या पायाच्या वाकलेल्या गुडघ्यावर तोललेला असतो. मांडीचा पुढचा स्नायू लगाम सैल सोडावा तसा हळूहळू लांबतो आणि आपण अलगद खाली येतो. पाऊल कुठे टेकणार, गुडघा किती वाकला आहे, घोटा सरळ आहे की कलला आहे, याची बातमी मेंदूला क्षणाक्षणाला हवी असते. ही बातमी तीन ठिकाणांहून येते. डोळे पायरी पाहतात. कानाच्या आतला तोलाचा अवयव डोके कोणत्या बाजूला झुकले ते सांगतो. आणि स्नायू, स्नायुबंध व सांध्यांची आवरणे यांच्यात विखुरलेले सूक्ष्म संवेदक प्रत्येक सांध्याची स्थिती कळवतात. या तिसऱ्या वार्तेला आपण सांध्यांची जाण म्हणू. डोळे मिटूनही बोट नाकाच्या शेंड्याला लागते, अंधारात उंबरा ओलांडताना पाय बरोबर तेवढाच उचलला जातो, तो हिच्याच जोरावर.

वयोमानाने ही जाण बोथट होते. मधुमेहाने तळपायाच्या नसा दुबळ्या झालेल्यांना जमीन कापसासारखी वाटते. म्हणून वृद्धांनी पायांखाली पाहून चालावे, कठडा धरावा, दोन चष्म्यांचे काम एका भिंगात करणारा चष्मा घालून घाईने उतरू नये, असे आपण सांगतो. तोल म्हटला की आपल्यासमोर वृद्ध माणूसच येतो. विशीतल्या मुलीच्या तोलाचा विचार कुणाच्या मनात येत नाही.

तो यावा असे एक दृश्य याच पायऱ्यांवर माझ्या पाहण्यात आले. सत्तरीच्या पलीकडच्या एक आजी, डाव्या गुडघ्याला पट्टा बांधलेला, नातीचा दंड धरून उतरत होत्या. नात अठरा-एकोणीस वर्षांची. दर आठ-दहा पायऱ्यांनंतर ती थांबे, ओठ आवळी आणि पुन्हा पाऊल टाकी. एका पायरीवर तिचा पाय कडेला पडला. दोघी डगमगल्या आणि सावरल्या.

"अगं, तूच लटपटतेस. मला काय सावरणार?" आजी म्हणाल्या.

नात काही न बोलता पायरीवर बसली. मी डॉक्टर आहे असे सांगून विचारल्यावर खाली मान घालून ती म्हणाली, "दुसरा दिवस आहे. कंबर नुसती भरून आलीय."

आजींनी मग सगळेच सांगितले. मागच्या महिन्यातही दोघी अशाच घसरल्या होत्या. नातीचा घोटा मुरगळला, आजींचे मनगट सुजले. दोष चपलांना दिला गेला आणि नव्या चपला आल्या. तो दिवस कोणता होता, हे कुणी विचारले नव्हते. नातीने आठवून सांगितले: पाळीचा पहिलाच दिवस.

दोन वेळच्या योगायोगावरून नियम बांधता येत नाही. तरीही हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घोटा किंवा गुडघा मुरगळून आलेल्या तरुण मुलींना मी चपला, रस्ता, खेळ यांच्याबरोबर पाळीची तारीखही विचारते. काहींच्या बाबतीत उत्तरातून काहीच निघत नाही. काहींच्या बाबतीत मात्र दोन वेदना एकाच आठवड्यात सापडतात.

याचे कारण समजण्यासारखे आहे. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये सुटतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू जोराने आकसतो, त्याचा रक्तपुरवठा काही काळ तोकडा पडतो आणि ओटीपोटात कळा येतात. ज्या मुलींत ही द्रव्ये अधिक तयार होतात त्यांना कळा अधिक. दुखणे पाळी सुरू होण्याच्या थोडे आधी किंवा सुरू होताच लागते आणि बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरते. गर्भाशयाच्या नसा पाठीच्या कण्यात ज्या पातळीवर पोहोचतात, त्याच पातळीवर कंबर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूच्या नसाही येतात. म्हणून गर्भाशयाची कळ कंबरेत आणि मांड्यांत जाणवते. 'पाय गळून गेले' हे मुलींचे शब्द म्हणूनच शब्दशः घ्यावेत.

आता ही मुलगी उभी कशी राहते ते पाहा. ती पोटाशी वाकते, खांदे पुढे घेते, हात ओटीपोटावर ठेवते. पोटाचे आणि कंबरेचे जे खोल स्नायू एरवी पाऊल उचलण्याआधीच धड स्थिर करतात, ते दुखण्यामुळे आखडलेले किंवा ढिले असतात. शरीराचा भार नेहमीच्या जागेवरून सरकतो. मेंदूचे म्हणाल तर वेदना ही हट्टी पाहुणी आहे. ती आली की साऱ्या घराचे लक्ष तिच्याकडे. पायाच्या संवेदकांकडून बातमी येत असते, पण ती ऐकायला मेंदूला उसंत नसते. त्यात रात्रीची झोप मोडलेली, मळमळीमुळे पोटात अन्न नाही, कधी उलट्या-जुलाबही झालेले. पुष्कळ मुलींच्या अंगात रक्तही कमी. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाने येणारी गरगर आणि वेदनेने हरपलेले लक्ष एकत्र आले, तर गुळगुळीत पायरी धोक्याची ठरते.

भौतिकोपचारतज्ज्ञांनी हे मोजूनही पाहिले आहे. तरुण मुलींना एका पायावर उभे करून देह किती हलतो ते टिपायचे, किंवा डोळे बांधून गुडघा ठरावीक कोनात वाकवायचा आणि पुन्हा तोच कोन साधायला सांगायचे, अशा साध्या चाचण्या असतात. काही लहान अभ्यासांत पाळीची तीव्र वेदना असलेल्या मुलींचा तोल आणि सांध्यांची जाण, वेदना नसलेल्या मुलींच्या तुलनेत थोडी कमी भरली. फरक लहान असतो आणि सर्व अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखेही नाहीत. सपाट रस्त्यावर तो जाणवणारही नाही. पण उताराची पायरी, ओली फरशी, धावत्या बसचे पायदान किंवा दंडाला धरलेला वृद्ध माणूस असेल, तर एवढासा फरकही महाग पडू शकतो.

इथे एक सावधगिरी हवी. 'पाळीत मुलींचा तोल जातो, तेव्हा त्यांनी घरीच बसावे' असा अर्थ कुणी यातून काढू नये. पाळी सगळ्याच मुलींना दुखत नाही. पाळी आली म्हणून कुणी दुबळी होत नाही. अडचण असते ती न शमवलेल्या वेदनेची. आणि वेदना शमवता येते.

पायऱ्या संपल्या की वरच्या आवारात देवदेवेश्वराशिवाय विष्णूचे, विठ्ठलाचे आणि कार्तिकेयाचेही मंदिर आहे. कार्तिकस्वामीचे दर्शन स्त्रियांनी घेऊ नये, हा आपल्याकडचा जुना समज माझ्या वाचक भगिनींना ठाऊक असेल. पाळीतल्या स्त्रीने तर कोणत्याच देवळाची पायरी चढायची नाही, अशी शिकवण. विटाळ या शब्दाने या टेकडीवर माणसेही अडवली. दलितांना या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून १९२९ साली येथे सत्याग्रह करावा लागला होता.

आपल्या पिढीतल्या पुष्कळ आजींनी 'कावळा शिवण्या'चे चार दिवस भोगले आहेत. वेगळे अंथरूण, वेगळे ताट, दुरून वाढलेला भात. काही आजी म्हणतात, "तेवढीच विश्रांती मिळायची हो." विश्रांतीची त्यांची ओढ खरी होती, पण ती मिळवण्यासाठी अस्पृश्य व्हावे लागे आणि दुखते हे सांगायची सोय नव्हतीच. आता नाती बाजूला बसत नाहीत, हे चांगलेच झाले. परंतु दुखते हे त्याही सांगत नाहीत. क्लास, परीक्षा, नोकरी, घरातले आजारपण, सगळे नेहमीसारखेच चालू ठेवतात. पहिल्या पिढीला वेदना सांगता येत नव्हती आणि दुसरीला ती सांगायला वेळ नाही. या दोघींच्या मध्ये काय करता येईल, ते क्रमाने पाहू.

औषधाची वेळ महत्त्वाची आहे. कळा असह्य झाल्यावर गोळी घेण्यापेक्षा, दुखणे सुरू होताच, काही खाऊन घेतलेली गोळी अधिक गुण देते. आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक आम्ल ही औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच कमी करतात. मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. जठराचा व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा अशा गोळ्यांनी वाढणारा दमा असेल, तर ती घेऊ नयेत. मेफेनॅमिक आम्लामुळे क्वचित तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, असा इशारा इंडियन फार्माकोपिया कमिशनने २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस दिला होता. गोळीनंतर अंगावर पुरळ, ताप किंवा गाठी आल्यास ती बंद करून लगेच डॉक्टरांकडे जावे.

घरोघरी वापरल्या जाणाऱ्या पोटदुखीच्या काही गोळ्यांत वेदनाशामकाबरोबर डायसायक्लोमिन हे कळा थांबवणारे औषधही असते. त्याने तोंड कोरडे पडते, नजर धूसर होते आणि काहींना गरगरते. ज्या दिवशी तोल आधीच कच्चा आहे, त्याच दिवशी ही गोळी घेऊन कुणी जिना उतरू नये किंवा दुचाकी चालवू नये. पहिल्यांदा घेताना घरीच घ्यावी आणि ती कशी मानवते ते पाहावे.

ज्येष्ठ वाचकांना हात जोडून एक विनंती. नातीच्या डब्यातली ही गोळी 'माझेही पोट दुखते' म्हणून घेऊ नये. डायसायक्लोमिनने प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडू शकते, काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यांतला दाब वाढू शकतो, वृद्धांना भ्रमही होऊ शकतो. सोबतचे वेदनाशामक रक्तदाब वाढवते, मूत्रपिंडाला त्रास देते आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर रक्तस्रावाचा धोका निर्माण करते.

शेक हा जुना उपाय आजही खरा आहे. ओटीपोटावर किंवा कंबरेवर गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवल्यास बऱ्याच मुलींना चांगला आराम पडतो. ती पिशवी अंगाखाली घेऊन झोपू नये. मधुमेही आजी-आजोबांनी तर तिचा वापर फार जपून करावा. बधिर त्वचेला चटका कळत नाही.

व्यायाम बंद करू नये. महिनाभर नियमित चालणे, पोहणे, योगासने किंवा ताणाचे व्यायाम केल्यास पाळीची वेदना कमी होते. दुखऱ्या दोन दिवसांत त्याचे रूप तेवढे बदलावे: टेकडीऐवजी सपाट रस्ता, पर्वतीऐवजी पायथ्याजवळची सारसबाग. उड्या, वेगाने वळणे आणि उतारावर धावणे दोन दिवस टाळावे. इतर दिवसांत कठड्याजवळ उभे राहून एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव करावा. हा सराव आजी आणि नात यांनी एकत्र केला तर दोघींनाही लाभ. आजींनी मात्र हात आधाराजवळच ठेवावा.

ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेला रुग्ण आहे त्यांच्यासाठी मला विशेष सांगायचे आहे. आजोबांना पलंगावरून खुर्चीत बसवणे, आजींना न्हाणीघरात नेणे, ही कामे पुष्कळ घरांत सून, मुलगी किंवा नात करते. पगारी सेविका असेल तर तीही बहुधा तरुणच असते. पाळीच्या दुखऱ्या दिवशी हे काम तिने एकटीने करू नये. घरातल्या पुरुषांपैकी कुणी तरी दुसरा हात द्यावा. तसे शक्य नसेल तर गोळी आणि शेकाने दुखणे कमी झाल्यावर, तासाभराने काम करावे. चाकाच्या खुर्चीचे ब्रेक लावून ती पलंगाला भिडवावी, कंबर न वाकवता गुडघे वाकवावेत आणि न्हाणीघराची फरशी आधी कोरडी करावी. ती पडली तर एकटी पडणार नाही; तिच्या आधाराने उभा असलेला रुग्णही पडेल आणि त्या वयातले खुब्याचे हाड सहजी सांधत नाही.

काही वेळा 'पाळीत दुखायचेच' म्हणून थांबणे धोक्याचे असते. कळा महिन्यागणिक वाढत असतील, रक्तस्राव थांबल्यावरही दुखत असेल, शौचाला किंवा लघवीला त्रास होत असेल, दर तास-दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल, पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल, ताप किंवा घेरी येत असेल, किंवा गोळी घेऊनही शाळा-नोकरी बुडत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. एंडोमेट्रिओसिस या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो. जगभरात प्रजननक्षम वयातील सुमारे दहा टक्के स्त्रियांना तो असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. निदानाला पुष्कळदा वर्षे जातात आणि त्यांतली काही वर्षे 'लग्न झाल्यावर थांबेल' या घरगुती दिलाशात जातात. हा दिलासा कृपया देऊ नये.

त्या आजी-नातीला मी त्या सकाळी एवढेच सुचवले: दोघींनी कठड्याच्या बाजूने उतरावे, आजींनी एक हात कठड्यावर आणि दुसरा नातीच्या खांद्यावर ठेवावा, एका पायरीवर दोन्ही पाय टेकल्यावरच पुढची पायरी घ्यावी. आणि आठवड्याने नातीने रक्ततपासणी करून भेटावे. ती आली. रक्त कमी होते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, वेदनेच्या गोळीची वेळ ठरली आणि दुखऱ्या दोन दिवसांत आजींना फिरायला नेण्याचे काम नातवाने पत्करले.

आपल्याकडे बहुतेक घरांच्या भिंतीवर कालनिर्णय असते. त्यावर दुधाचा हिशेब असतो, गॅसचा सिलिंडर कधी लावला ते असते, आजोबांच्या रक्तदाबाचे आकडे असतात. पाळीची तारीखही तेथे एका साध्या ठिपक्याने नोंदवावी आणि पडणे, ठेच लागणे, पाय मुरगळणे याची खूणही त्याच कागदावर करावी. तीन-चार महिन्यांनी दोन्ही खुणा शेजारी शेजारी दिसल्या, तर ते पान घेऊन डॉक्टरांकडे जावे. मुलीला स्वतःहून सांगायचा संकोच वाटत असेल, तर आजींनी तिच्याबरोबर जावे.